आठ टक्के

गेथिनने जाताना दोन डब्यांची ओळख करून दिली,
पाहुण्यांची करून देतात तशी.
हा निळा, चार्ज कंट्रोलर. याला 'पुरे' म्हणता येतं.
बॅटरी भरत आली की हात आखडता घेतो,
सत्तावीस व्होल्टवर थेंब थेंब सोडत बसतो,
आणि रात्री बॅटरीतलं उलट पॅनेलकडे निघालं
तर दार धरून उभा राहतो.
"निघतं का उलट?" मी विचारलं.
"निघतं थोडं. अंधारात पॅनेल म्हणजे नुसती गळती."

हा दुसरा, इन्व्हर्टर.
बॅटरी एका सरळ रेषेत बोलते,
घरातल्या यंत्रांना ते कळत नाही;
त्यांना हेलकावे लागतात, सेकंदाला पन्नास.
हा मधे बसून इकडचं तिकडे करतो.
"आठ टक्के घट धरायची."
जाते कुठे?
"हात ठेवून बघा."
ठेवला. कोमट.
तेव्हापासून मांजर वरच्या फळीवर झोपतं.

मला मॅन्युअल लागलं नाही.
ब्रेकनच्या वर, या मेंढ्यांच्या टेकडीवर,
हेडफोन लावून मी तेच करते.
बर्मिंगहॅमचे डॉक्टर बोलतात, पेशंट बोलतात,
मी दोघांच्याही वतीने 'मी' म्हणते.
मी तुमचा रिपोर्ट पाहिला.
मला रात्री धाप लागते.
'जीव कासावीस होतो' याचं जे इंग्रजी होतं
त्यात जीव नसतो.
संध्याकाळी कान तापलेले असतात.

डिसेंबर. नऊ दिवस ढग उठलेले नाहीत.
कंट्रोलरच्या पडद्यावर दिवसभराची कमाई:
किटली दोनदा उकळेल, इतकी.
लाइनवर सोलिहलच्या खांबेटेबाई,
मुलगा गाडी लावायला गेलेला, म्हणून मी.
डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं,
हळू, नीट, शेवटी थांबून.
मी श्वास घेतला
आणि इन्व्हर्टर तीनदा बीप करून गेला.

बावीस व्होल्ट.
त्याच्या खाली तो बॅटरीला पिळत नाही.
गेथिनने सांगितलं होतं, मीच विसरले.
दिवा गेला, राउटर गेला,
तिकडे दोघं एकमेकांकडे बघत असतील.

मोबाइलला इथे रेंज नाही.
जनरेटर शेडमध्ये, चिखलातून साठ पावलं.
तेवढा वेळ ते वाक्य माझ्यात होतं,
बॅटरीत असतं तसं, एकाच दिशेचं.
चालता चालता मराठीत म्हणून पाहिलं.
मग पुन्हा, शेवटी 'काकू' लावून,
जे डॉक्टर म्हणाले नव्हते.

चौथ्या झटक्याला जनरेटर धरला.
तोवर रांगेतल्या दुसऱ्या कुणी काम पुरं केलं होतं;
पडद्यावर तसं आलं, आणि माझे अकरा मिनिटांचे पैसे.
'काकू' लावलं असेल का त्याने?

मांजर फळीवर उठून बसलेलं,
खाली वाकून डबा हुंगत होतं,
ऊब कुठे गेली म्हणून.