शिकाऊ

पदवीची पीडीएफ आली त्या दिवशी
मी परळच्या वॉर्डात सूट चढवायला शिकत होते.
मावळंकर सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, आधी बाथरूमला जाऊन या,
पुढचे सहा तास विसरा.
मग पाठीवर मार्करने माझं नाव लिहिलं,
वेलांटी चुकवून.

गॉगलवर वाफ.
रेडियल आर्टरी कुठे असते ते तोंडपाठ होतं,
पण दोन ग्लोव्हजपलीकडून ती बोलेना.
सोनटक्के मागून म्हणाला, शोधू नकोस.
बोट ठेव नि थांब.
(माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा.
एप्रिलपासून दहा.)

चौदा नंबरचे लोबोकाका गोदीत फिटर होते.
मास्क जरा उचलून म्हणाले, टोच गं,
मीपण शिकाऊ होतो,
पहिल्या दिवशी चार बोल्ट पाण्यात.
मला हसू आलं, ते त्यांना दिसलं नसणार.

तिसऱ्या खेपेला रक्त आलं. काळपट.
रिपोर्टच्या आधीच समजलं,
आणि समजलं याचा
क्षणभर आनंद झाला.
तो अजून कुणाला सांगितलेला नाही.

फोन कसा करायचा तेही सोनटक्केनेच शिकवलं:
आधी तुझं नाव, मग त्यांचं.
'दुर्दैवाने' म्हणायचं नाही,
लोक तिथेच ऐकायचे थांबतात.
शुक्रवारी लोबोकाकांच्या मुलीला
मी दोन्ही नावं सांगितली.
पुढचं तिनेच सांगितलं.

आज नवी बॅच.
एकीच्या पाठीवर नाव लिहिलं, वेलांटी विचारून.
थोड्या वेळाने ती कुजबुजली, मॅडम, नाडी लागत नाही.
मी माझं मनगट पुढे केलं.