जिना

कॅनडा कॉर्नरच्या फरशीवाल्या शोरूमला
तीन मजल्यांची काच.
शिडी दोन मजल्यांची.
उरलेला मजला आम्ही हाताने वाढवतो,
काठीला काठी बांधून.

शिडीच्या डाव्या पायाचं रबर
दिवाळीआधीच झिजलेलं.
सुकदेव गांगुर्डेनं त्याखाली टायरचा तुकडा सारला,
म्हणाला, चालतंय.
आमच्यात सगळं चालतंच,
घसरेपर्यंत.

माझं काम शिडी धरायचं.
धरलेली कुणाला दिसत नाही,
सोडलेली दिसते.
त्या दिवशी मालकाची गाडी लागायची होती.
वॉचमन म्हणाला, ए, ती बादली हलव.
बादली हलवायला किती वेळ लागतो?
तेवढाच.

आवाज मोठा नव्हता.
एखादी फरशी फुटली असती
तर आतले सगळे धावत आले असते.
साबणाचं पाणी त्याच्यामागून उतरलं,
काचेवरून, सावकाश,
राहिलेलं काम पुरं करत.

रिक्षात ठेकेदाराचा फोन.
"घरी जिन्यावरून पडला म्हणायचं.
औषधपाण्याचं मी बघतो."

सिव्हिलमध्ये सिस्टरनं विचारलं, कुठे पडले?
सुकदेव बोलेना. दोन्ही टाचा गेलेल्या,
तो नुसता दातांमधून श्वास ओढत होता.
मीच बोललो : घरी. जिन्यावरून.
तिनं लिहून घेतलं,
निळ्या शाईत, वळणदार.

अंबड लिंक रोडला त्याची पत्र्याची खोली.
उंबरा आहे, तोही विटांचा.
हिराबाईवहिनी सातवी शिकलेल्या.
कागद उजेडात धरून त्यांनी दोनदा वाचला.
मग पत्र्याकडे पाहिलं,
मग दाराकडे,
मग माझ्याकडे.
"कुठला जिना, भाऊजी?"
चहा मात्र केला. पूर्ण कप दिला.

औषधपाणी दोन महिने आलं.
नंतर फोन लागेना.

आता वर मी असतो.
खाली हर्सूलकडचा पोरगा, काशिनाथ, एकोणीस वर्षांचा.
त्याला पहिल्याच दिवशी बजावलंय :
देव आला आणि बादली हलव म्हणाला
तरी हलायचं नाही.
तो हसतो. खिशात त्याचा मोबाईल वाजतो.

वरच्या काचेत लांबचा पांडवलेणीचा डोंगर येतो,
धुळीनं भुरकट.
मी आधी डोंगर ओला करतो, मग पुसतो.
तो स्वच्छ निघाला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.
पण खाली बघितल्याशिवाय
पुढचा पाय उचलत नाही :
दोन हात.
आहेत.
पुन्हा बघतो.