गेटपास

गवती चहाचा पहिला ठोंब
मी प्रेसच्या गेटमधून बाहेर काढला
डब्याच्या पिशवीत, ओल्या फडक्यात बांधून.
फिलोमिना साळवेनं सकाळी आणला होता.
आत येताना कुणी विचारलं नाही,
बाहेर जाताना विचारतात.
तेवीस वर्षं मी छापील ताव उजेडात धरून डाग शोधले
आणि रोज संध्याकाळी
रिकामे हात उघडून दाखवले.

ढिकलेबाईंनी फडकं सोडलं.
माती चाचपली, मुळं झटकली,
पातींतून बोट फिरवलं.
"हे काय?"
"गवत."
"गवत कशाला?"
फिलोमिना म्हणाली, "चुरगाळून बघा."
बाईंनी चुरगाळलं, नाकाशी नेलं,
आणि भोंग्यानंतरची ती रांग, घरी जायच्या घाईची,
क्षणभर गप्प उभी राहिली.
रजिस्टरात काय लिहावं, त्यांना सुचेना.
एक पात तेवढी ठेवून घेतली.
"जा."

जेल रोडच्या घरी, धुण्याच्या दगडामागं लावला.
साबणाचं पाणी नको, फिलोमिनानं बजावलेलं,
तांदळाचं धुवण चालेल.
आळ्यात पाणी तुंबू देऊ नको, हा काही भात नाही.
कापताना वीतभर बुंधा ठेव,
पांढऱ्याला विळा लागला की रुसतो.
आणि शेंड्याकडून खाली हात ओढू नको.
ओढलाच मी.
कागदानं कापून कापून निबर झालेली बोटं माझी,
गवताला काय भ्यायचं!
कागद निदान सरळ कापतो.
गवताला करवत असते.

डिसेंबरात पारा उतरतो,
निफाडकडं बागांतून रात्री शेकोट्या पेटतात,
माझ्या ठोंबाचे शेंडे तांबूस पडतात.
घाबरू नये.
छाटावं, बुडाशी शेणखत, वर उसाचं पाचट,
आणि होळीपर्यंत त्याला काही विचारू नये.

तिसऱ्या वर्षी कळलं,
ठोंब मधून मरतो.
बाहेरून गोल, हिरवागार,
आत हात घातला तर नुसत्या वाळक्या काड्या,
उंदरानं घर केल्यागत.
नवं सगळं कडेला.
फिलोमिनाला सांगितलं, तर
गठ्ठ्यावर कागदी पट्टी चिकटवता चिकटवता म्हणाली,
"मग खण, वाट.
एकत्र आवळून बसलं की असंच होतं."

वाटले. दूधवाल्याला, बिटको चौकातल्या चहावाल्याला,
निवृत्त झाल्या तेव्हा ढिकलेबाईंना, कुंडीसकट.
शंभर घेऊन शंभर मोजून देणारी मी,
एकाचे अकरा झाले एवढं आठवतं,
अकरांचे किती, कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात जोएल आला, देवळाली कॅम्पहून,
हातात कापडी पिशवी.
"मावशी, आईच्या अंगणात आम्ही फरशी घातली, गाडीसाठी.
तेव्हा सगळं उपटलं.
आता ती कुणाला ओळखत नाही.
चहा दिला की कप नाकाशी धरते,
खाली ठेवते.
'ह्यात नाहीये,' म्हणते."

मी खुरपं घेतलं.
मधलं वाळकं सोडलं, कडेला धरलं,
जिथं मुळं माती सोडत नव्हती.
पाती अर्ध्यावर छाटल्या,
नाहीतर वाटेतच कोमेजतात.
ओलं फडकं बांधलं.
वेगळ्या चार पाती, गाठ मारून,
आजच्या चहासाठी.

फाटकाशी जाऊन तो थांबला,
पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढं धरलं.
"एवढं पुरेल ना?"
मी आत पाहिलं. चाचपलं. वास घेतला.
निघालेल्या माणसाला 'ये' म्हणावं,
हे काय मला ठाऊक नाही?
तरी तोंडून ढिकलेबाईंचंच आलं.
"जा."