मूळ नव्हे

विश्रामबागच्या हॉलात एसी इतका
की भिंगावर माझाच श्वास धरतो.
पांढरे हातमोजे घातलेला पोरगा
मखमलीचा ट्रे पुढे सरकवतो,
"काका, सावकाश हं. लॉट नंबर सोळा."
सावकाश!
हरभट रोडच्या जिन्याखाली पन्नास वर्षं
दुसरं काय केलं मी?

चंद्र दाखवणारं घड्याळ. जिनिव्हाचं.
इवल्याशा खिडकीत निळं आभाळ
आणि पौर्णिमा. आज षष्ठी आहे.
असो. बंद घड्याळाला तिथी माफ.

कैलासवासी शिवलिंगाप्पा आरवाडे, हळदीचे अडते,
त्यांच्या मनगटावरचं हे.
वर तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा,
खाली रुमालाआड बोटं दाबून भाव.
सौदा कितीला तुटला
ते दोन माणसांना ठाऊक असायचं
आणि ह्याला.
हे रुमालाच्या आतलं.

कॅटलॉगात लिहिलंय, कडांना मधाळ झाक,
वयाने आलेली.
पट्ट्याच्या खाचेतली धूळ मी काडीने काढली,
कागदावर ठेवली,
पानाच्या डबीतला चुना लावला.
लाल झाली.
मध कुठला, राजापुरी हळद आहे ती.
पोरगा दचकला, "म्हणजे डॅमेज?"
म्हटलं, नाही रे. सही आहे मालकाची.

यंत्र मूळ. आकडे जुळतात.
चावी मूळ, दाते झिजलेत, झिजायलाच हवेत.
काच बदललेली. ती कुणाचीही बदलते,
काच म्हणजे घड्याळाची नखं.
तासकाटा मूळ. मिनिटकाटा मूळ.

सेकंदकाट्यापाशी मी भिंग काढलं,
पुसलं,
पुन्हा लावलं. उगाचच.
पुसण्यासारखं काही नव्हतं.

मिरजेच्या सतारवाल्यांकडून आणलेली पोलादी तार,
बाबालाल उस्तादांनी ती ठोकून पापुद्रा केली,
कानशीने केसाएवढी.
स्पिरिटचा दिवा मी धरला होता, चौदा वर्षांचा.
पोलाद आधी गव्हाळ झालं, मग तपकिरी, मग जांभळं.
"निळ्यावर थांब. निळ्यानंतर राख."
मी क्षणभर उशीर केला होता.
शेपटीच्या टोकाला ती करडी छटा
अजून आहे.
उस्ताद तेव्हा एवढंच म्हणाले होते,
असू दे, वेळ दाखवेल.

पाठीचं झाकण उघडलं.
आत सुईच्या टोकाने, शिताएवढ्या अक्षरात:
बा. मु. ११-९-७१.
दोन हजार पाचच्या पुरात दुकानात छातीभर पाणी,
वह्या शिजलेल्या भातासारख्या हातात आल्या.
त्यांचं अक्षर मला वाटलं होतं
कुठेच उरलं नाही.

रकाना होता: मूळ / मूळ नव्हे.
पोरगा हळूच म्हणाला, एका काट्याचं कोण बघतंय.
मी बघतोय, म्हटलं.
आणि लिहिलं: सेकंदकाटा मूळ नव्हे.
शेजारी 'सांगली' लिहिलं,
त्याला रकाना नव्हता.

भाव बावीस लाखांना अडला.
तीसची आशा होती त्यांना.
आरवाडेंची धाकटी सून पर्स उघडून
पुन्हा बंद करत राहिली.
मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

घेणारा पुण्याचा, तिशीतला, मनगटावर टॅटू.
चहापाशी गाठून विचारतो,
"काट्याचं काही होईल? ओरिजिनल मिळेल?"
मिळेल. जिनिव्हाला लिहावं लागेल. वर्ष जाईल.
"जाऊ दे ना. आणि हा जुना फेकून द्यायचा?"

मी खिशातला रुमाल काढला,
त्याच्या हातावर टाकला,
आत हात घालून त्याची चार बोटं धरली,
मग सोडून फक्त एक,
मग पुन्हा चार, जरा जोरात.
माझ्या ऐपतीबाहेरचा भाव होता तो.

तो हसला. घाबरला थोडा.
"काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"