दोन ठिपके आणि एक तिरकी रेघ

पतपेढीचा सर्व्हर आता लोखंडाचा राहिलेला नाही.
चाळीस गीगाबाइटची फाइल आहे तो.
शुक्रवारी संध्याकाळी रावपुऱ्यातून निघाला
आणि माझ्या डब्याच्या पिशवीत,
सेव-उसळीच्या पुड्याला टेकून,
स्कूटरवरून गोरव्याला आला.
पुलाखाली विश्वामित्री,
काठाला मगर. किंवा ओंडका.

आधी मी तो चालू केलाच नाही.
कपाट उघडावं तसा नुसता
माझ्या यंत्राला जोडून आत डोकावले.
‘ठेवी’ नावाचा एक दुवा होता.
दुवा म्हणजे काय, दाराला अडकवलेली चिठ्ठी:
माल इथे नाही, तिकडे बघा.
गेले तिकडे. फोल्डर रिकामा.
अकराशे बारा सभासद, आणि फोल्डर रिकामा.
पाणी प्यायले. परत गेले. रिकामाच.

मग दिसलं, चिठ्ठीवरचा पत्ता
तिरक्या रेघेने सुरू होतोय,
म्हणजे मुळापासून.
आणि मूळ कुणाचं? वाचणाऱ्याचं.
त्यांच्या घरातली चिठ्ठी वाचून
मी माझ्याच माजघरात शिरले होते
आणि शोधत होते
कुंदा घोरपड्यांची मुदतठेव.

बरं, म्हटलं, चालूच करू.
नाही झाला.
पडद्यावर एवढंच: पाया सापडत नाही.

कारण ही फाइल पुरती नव्हतीच.
हिला फक्त बदललेलं आठवतं,
नोटा, व्याज, नवे वारसदार.
न बदललेलं सगळं खाली,
एका जुन्या फायलीत, जिला कुणी हात लावत नाही,
आणि तिचा पत्ता हिच्या कपाळावर असा:
दोन ठिपके, तिरकी रेघ, जुने, तिरकी रेघ, पाया.
एक पायरी वर चढ, मग शेजारच्या खोलीत.
पाया मी आणला होता.
पायरी होती. खोली होती.
खोलीचं नाव ‘जुने’च ठेवलं होतं.

साडेदहाला तांबवेकरांना फोन लावला.
अकरा वर्षं त्यांनी सांभाळलं, मार्चमध्ये सुटले.
मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
“पाया कुठंय ते नको सांगू,” म्हणाले,
“तू कुठे उभी आहेस?
फायलीजवळ की दुव्याजवळ?”

दुव्याजवळ.
टेबलावर एक केलाय, सोयीचा पडतो म्हणून,
त्यातूनच उघडतेय.

“मग तो टेबलावरून पायरी मोजतोय.
अगं, लहरीपुऱ्याकडून मांडवीत आलीस
तर डावीकडे चांपानेर दरवाजा.
पाणीगेटकडून आलीस तर डावीकडे गेंडीगेट.
हात तोच ना?”

मग पूर्ण पत्ताच लिहून टाकते, म्हटलं, मुळापासून.
“लिही. उद्या दुसऱ्या डिस्कवर नेशील
तेव्हा परत मला फोन कर.”

दुवा पुसला.
चिठ्ठी पुसल्याने माल जात नाही, हे मीच शिकवते पोरांना,
तरी बोट थोडं थांबलं.
मग फायलीच्या अंगणात जाऊन हाक मारली,
आणि तो उठला,
जुन्या माणसासारखा, आधी खोकून,
मग एकेक दार तपासत.
ठेवी होत्या. घोरपडेबाई होत्या.
शेवटची नोंद शुक्रवार, पाच चाळीस.

नाव विचारलं तर म्हणाला, रावपुरा-एक.
गोरव्यात, औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या मजल्यावर,
खाली ट्रक मागे घेताना वाजतोय,
आणि हा म्हणतोय रावपुरा-एक.
बदलायला एक ओळ पुरते.
राहू दिलं.

तांबवेकरांना कळवलं, जमलं.
म्हणाले, चहाला ये एकदा.
पत्ता विचारला.
“वाघोडिया रोडला आलीस की फोन कर.
समोर काय दिसतंय ते सांग,
मग सांगतो.”