ओरखडा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटांतले दोष शोधले.
ओल्या स्पंजाला बोट टेकवायचं, ताव उलटायचा,
शाई फुटलीय का, आकडा तिरका बसलाय का,
कडेची रेघ केसाएवढी तुटलीय का.
बहुतेक दोष एकेका कागदाचे असतात.
पण कधीकधी ओरखडा प्लेटवरच असतो.
मग पहिली नोट तशी, हजारावीही तशीच,
बाजारात जायच्या आधीच,
तिच्यावर कुणी काही विकत घ्यायच्या आधीच.

हे मी तबिताला सांगितलं,
शरणपूरला तिच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा.
म्हटलं, आदामाचं तसंच आहे बघ.
ती बाळाला पुसत होती. म्हणाली,
"मी हिला रोज उलटीपालटी करून धुते, पप्पा.
मानेच्या वळीत दुधाचं कीट असतं,
मुठीत लोकरीचा धागा.
पाप कुठं ठेवलंय हिनं?"
आणि मग, टॉवेल पिळता पिळता:
"प्लेट कोरली कुणी?"

पाळक दुशिंग म्हणाले, डाग म्हणू नका, ओढ म्हणा.
पांडवलेणीच्या पायरीवर चेंडू ठेवा,
तो काही वर जायचा नाही.
मला पटलं. तबिताला नाही.
तिनं विचारलं, चेंडूला कुणी पापी म्हणतं का?

निकुंभ माझ्याच टेबलाचा, माझ्याआधी रिटायर झालेला,
रोज पहाटे रामकुंडात बुडी मारून येतो.
तो हसला. "आमच्याकडेही मागची थकबाकी असते रे,
पण निदान स्वतःच्या नावावर.
तुमचं म्हणजे खापरपणजोबानं फळ खाल्लं
आणि बिल पाळण्यात!"
मीही हसलो. चहाचे पैसे त्यानं दिले.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही.
योहान बारा दिवसांचा होता, तबिता तीन वर्षांची.
दुपार. त्याची आई मोरीत.
तबिता पाळण्यापाशी गेली,
त्याच्या टाळूवर, जिथं कातडीखाली जीव उडताना दिसतो,
तिनं अंगठा ठेवला.
आणि दाबायच्या आधी
दाराकडे पाहिलं.

अंगठा कुणी शिकवला असेल, नसेल.
दाराकडे बघणं कुणीच शिकवलं नव्हतं.

तिला मी दिसलो नाही, पडद्याआड होतो.
आणि लगेच धावलो नाही.
एक क्षण थांबलो,
ही काय करते ते बघायला.
तपासणाऱ्याची सवय, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.
मग खोकलो. तिनं हात काढला.
योहान आज पुण्यात आहे, त्याला काही झालं नाही.
त्या दुपारी घरात दोन माणसं होती
जी पकडली गेली नाहीत.

प्रेसमध्ये बाद नोटेच्या जागी दुसरी नोट घालतात,
तिच्या आकड्यांत एक तारा असतो.
कुणाच्या तरी बदली आलेली, म्हणून तारा.
हे मी पाळकांना सांगितलं असतं
तर पुढच्या नाताळचा उपदेश तयार झाला असता.
पण फार नीट जुळलेलं काही दिसलं
की मी ते परत एकदा तपासतो.

रविवारी पाळकांनी तीनदा पाणी शिंपडलं.
पाणी नळाचं, गंगापूर धरणातून आलेलं,
तिथूनच सुटलेलं खाली निकुंभच्या कुंडातही जातं.
पहिल्यांदा बाळ शिंकलं. दुसऱ्यांदा रागावलं.
तिसऱ्यांदा तिनं जे हाताला आलं ते घट्ट धरलं:
माझा अंगठा.
स्पंजानं गुळगुळीत झालेला, रेघा गेलेला,
बँकेत ठसा उमटत नाही असा.

तबितानं विचारलं, "आता गेलं का?"
खोचून नाही, खरंच विचारलं.
मी म्हटलं, मला नाही माहीत, पोरी.
बाहेर ऊन होतं, चिंचेखाली स्कूटर तापलेली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
हातात कोरं काही आलं
आणि मी ते उजेडाकडे धरून पाहिलं नाही.