मुंढ्याचा बाक

बेचाळीस वर्षं लोकांची मापं घेतली.
टेप पोटाभोवती आला की पुरुष श्वास आत ओढतात
आणि महिन्याभरात तुटलेलं बटण घेऊन परत येतात.
म्हणून डॉक्टर क्युल्लीने कागद पुढे सरकवला
आणि म्हणाली, एकवीस पॉइंट चार,
तेव्हा मी विचारलं :
हे माप याचं, की याच्या भीतीचं?

न्योप काट्यावर फतकल मारून बसला होता.
पार्नूचा पूल ओलांडताना टोपलीतून
अख्खा रस्ता भांडला होता,
वाऱ्याशी, बसशी, माझ्याशी.
आमच्या भाषेत न्योप म्हणजे बटण.
अस्तराच्या चिंध्यांत सापडला तेव्हा
तेवढाच होता.

बरोबर विचारलंत, क्युल्ली म्हणाली,
घाबरलं की मांजराची साखर चढते.
एका आकड्यावर कापड कापायचं नाही.
कापड हा शब्द माझा. ती डोस म्हणाली.

मग दुसरा आकडा, फ्रुक्टोसामीन.
नाव घेताना जीभ अडखळते,
अर्थ मात्र लगेच कळला :
गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घ्यावं
आणि त्याच्या जुन्या कोटाची कोपरं बघावीत.
मागचे दोन-तीन आठवडे साखर कशी वागली
ते तिथं झिजलेलं दिसतं.
तीनशे नव्वद. वाईट नाही म्हणे.
लघवीत कीटोन नाहीत. मूत्रपिंडं वयाला धरून.
मी सगळं जुन्या मापवहीत उतरवलं,
छाती, कंबर, बाही छापलेल्या रकान्यांत.

पण सरासरीत खड्डे बुजतात, ती म्हणाली.
दिवसभराचं माप हवं.
घरी. दर दोन तासांनी.

रविवार. नदी गोठलेली.
कानाच्या कडेला सुई.
सुईशी माझं जन्माचं नातं, तरी हात कापला.
तो ओरडला नाही. नुसतं बघितलं,
उधारी मागायला आलेल्याकडे बघतात तसं.

सातला सतरा. खाणं, इंजेक्शन.
नऊला बारा.
अकराला सात पॉइंट दोन.
एकला तीन पॉइंट नऊ.

क्युल्ली बहिणीकडे जेवत होती, मागे काटे-चमचे वाजत होते.
लगेच खायला घाला, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.
तेवढ्यात मिल्वी दारात, पँट आखूड करायला.
आज दुकान बंद आहे.
पण तुम्ही तर आत आहात.
मी आहे. दुकान नाही.

घड्याळ. त्याचं जिभेने ताटली सरकवणं.
घड्याळ.
पाच पॉइंट एक.

संध्याकाळी तपकिरी कागदावर खडूने ठिपके मांडले,
लाकडी फर्मा ठेवून जोडले,
आणि बघतो तर मुंढा.
खोल गेलेला.
असा मुंढा कापला तर
हात वर करताच अख्खा कोट वर येतो.
सोमवारी कागदाची गुंडाळी घेऊन गेलो, मांजर घरी ठेवून.
फार खोल झालाय, मी म्हणालो.
क्युल्लीने चष्मा वर केला. हो. अर्धा युनिट कमी करू.

अर्धा युनिट म्हणजे सिरिंजवर सूतभरही नाही.
सुताने काय होतं
हे शिंप्याला सांगावं लागत नाही.

थंडीभर तो मागच्या टाचा टेकवत चालायचा,
चपला हरवलेल्या माणसासारखा.
काल कापायच्या टेबलावर चढला.
आधी खुर्ची, मग खिडकी, मग टेबल.
त्याला उडी म्हणता येणार नाही.
पास्टर एनेबाईंच्या काळ्या लोकरीवर
मधोमध बसला, केस गाळत.

मी ब्रश शोधायला गेलो.
ब्रश खिळ्यालाच टांगलेला असतो.
तरी बराच वेळ शोधला.